चवीचा रकाना

माझी नोकरी टिकली ती उरणजवळच्या, खाडीकाठच्या खाजण-शेतांतल्या एका काकींमुळे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर हकिगत सांगता सांगता माझंच रडगाणं लांबेल आणि त्यांचं सांगायचं राहून जाईल.

काकी शेतात वाकायच्या, करंगळीवर चिखल घ्यायच्या, जिभेला लावायच्या आणि डावीकडे थुंकायच्या. मग कमरेवर हात ठेवून मला विचारायच्या, "तुजा कागद काय म्हनतं रं?" कागद काहीही म्हणो, निकाल त्या थुंकण्यातच लागलेला असे.

कागद म्हणजे माझं आठवड्याचं पत्रक. मी माणदेशातला. वडील अंथरुणाला खिळले, म्हणून सातवी होताच शाळा सोडली. पुढे कोणाच्या तरी ओळखीने उरणच्या शेतकी कचेरीत हंगामी लागलो. रोज सकाळी आठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि शनिवारी पत्रक लिहायचं: पाऊस किती, आभाळ कसं, जमिनीची स्थिती काय. एक प्रत वर जाई, दुसरी मी गावोगावच्या चावडीवर वाचून दाखवी. मला ठेवायचं की नाही, हे साहेब पावसाळ्यानंतर ठरवणार होते. त्यामुळे पाऊस मोजतानाही माझा श्वास रोखलेला असायचा.

त्या जूनमध्ये मी खाजणात वीतभर खणून पाहिलं. खालपर्यंत गच्च ओल. आमच्याकडे चार बोटं ओल लागली तरी माणसं पेरणीला पाभर जुंपतात. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जमिनीत पुरेशी ओल. पेरणीस योग्य.' शनिवारी वाचूनही दाखवलं. काकी तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या.

सोमवारी बांधावर त्यांनी मला गाठलं. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून त्या बांधाला लाकडी झडप बसवलेली होती. तिला उघाडी म्हणतात. भरतीला ती लावायची, ओहोटीला उघडायची, हे काम नवऱ्यामागे काकीच करत.

"वल पुरेशी, असं तूच लिवलंस?"

"हो काकी. वीतभर खणून बघितलं."

"आरं घाटावरच्या, हितं वल बारा महिने हाय! वलीला कोन इचारतं? खार किती उतरली ता सांग." त्यांनी चिखलाचं बोट माझ्यापुढे धरलं. "चाट."

"चिखल?"

"मंग? संगती गूल देऊ?"

मी चाटलं. आमच्या घरी आमटी एवढी खारट झाली असती तर आईने ती गुरांनाही घातली नसती.

"अजून आठ-धा दिस पावसाचं पानी शेतात भरायचं, उघाडीतनं काढायचं, परत भरायचं. मीठ धुतलं का मंग बी. आता टाकलं तं जलून जाल."

मी तसाच धावत सुटलो, काकी मागोमाग. पलीकडच्या पाड्यात मिठागरावर काम करणारी तीन घरं होती. नवा बांध घालून मिळालेली जमीन ती यंदा पहिल्यांदाच कसत होती. सरकारी कागदावर भरवसा ठेवून त्यांनी शनिवारीच भात भिजत घातलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा पेंढ्याखाली दडपलेल्या बियाला पांढरे मोड आले होते. मोड आलेलं बी थांबत नाही, आणि तिन्ही घरांत दुसरं बी नव्हतं. माझ्याकडे कोणी रागाने पाहिलंसुद्धा नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

काकींनी मोड हातात घेऊन पाहिले. "चला, उचला टोपल्या. माज्या वरच्या तुकड्यात फेका. ती माती गोडी हाय. रोप व्हऊ दे. खाली खार उतरली का ता उपटून आवनी करा."

तो उंचावरचा तुकडा त्यांनी काकडी-शिराळ्यासाठी भाजून, फोडून तयार ठेवला होता. त्या तिघांपैकी एकजण चाचरत म्हणाला, "काकी, तुमची काकरी?"

"काकरी पुढल्या साली बी व्हल. तुजी पोरं काय पुढल्या साली जेवतील?"

गुरुवारी साहेब आले. शेतं मोकळी बघून त्यांनी पत्रक काढलं. "पेरणीस योग्य लिहिलंय. मग पेरणी कुठाय?"

"साहेब, माझी चूक झाली," मी म्हणालो.

"चुकला ता खरा," काकी मध्येच बोलल्या, "पन परत येऊन चिखल चाटून गेला. तुमच्या कचेरीत दुसरं कोन चाटतं, सायेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, काकींकडे पाहिलं. मग धोतराचा सोगा सावरत वाकले, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थेट डावीकडे थुंकले. काकी इतक्या हसल्या की त्यांना बांधावर बसावं लागलं.

पुढच्या शनिवारी मी पत्रकावर पट्टीने एक रेघ वाढवून 'चव' असा नवा रकाना आखला. साहेबांनी खोडला नाही. पावसाळ्यानंतर मी कायम झालो. तिन्ही घरांचं भात पदरात पडलं. श्रावणात मात्र उरणच्या बाजारात काकींची काकड्यांची टोपली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "बरा झाला, यंदा मानेला आराम."

सहा वर्षांनी माझी बदली घाटावर झाली. निघायच्या वेळीच भरती होती, म्हणून काकी निरोपाला आल्या नाहीत. एस. टी. वळणावर आली तेव्हा लांब बांधावर त्या दिसल्या. गुडघाभर पाण्यात उभं राहून झडप दाबत होत्या. मी खिडकीतून हात हलवला. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी नुसती मान वर केली.

इथे माझं बरं चाललं आहे. लग्न झालं, वडील हिंडूफिरू लागले. पण काकींच्या एका पावसाळ्याचं देणं माझ्याकडे राहिलं आहे. एका आषाढात रजा टाकून मी तिकडे जाणार, आणि त्यांची सगळी आवणी माझ्या हातांनी करणार. ओळी वाकड्या येतील, त्या नावं ठेवतील. ठेवू देत. त्यांनी बांधावर बसून फक्त नावंच ठेवायची.