अंगठीचं अस्तर

अश्विनीने हात खाली सोडला आणि अंगठी बोटातून निसटून फरशीवर पडली. घरंगळत काउंटरखाली गेली. मी वाकून ती काढली, पुसली, भिंगाखाली धरून पाहिली. अंगठीला काही झालं नव्हतं. पण ती ढिली होती, आणि जिचं माप मला बदलता येत नाही अशी माझ्या हातची तीच एक जात होती.

"आता काय करायचं, काका?" अश्विनीने विचारलं.

मी अंगठी काउंटरवर ठेवली. तिच्याबरोबर तिची आई कौसाबाई होती. मायलेकी केजजवळच्या गावातून जीपने आल्या होत्या. लग्न पाडव्यानंतरचं होतं. मुलगा नेकनूरकडचा, दूध संकलन केंद्रावर कामाला. दुकानात तिसरे होते आमच्या कारागीर सहकारी सोसायटीचे चेअरमन शेषराव. ते चहा पीत बसले होते.

"आप्पा, जरा चेपून द्या की," शेषराव मला म्हणाले. "एवढा काय इचार करायचा?"

चेपता येत नव्हती. का, ते समजायला आधी ही अंगठी कशी होते ते सांगावं लागेल.

साधी अंगठी एका धातूची असते. ही थरांची असते. चांदीचा पत्रा, त्यावर तांब्याचा, पुन्हा चांदीचा, पुन्हा तांब्याचा, अशी चळत रचायची. पत्रे इतके स्वच्छ हवेत की बोटाचा ठसासुद्धा नको. चळत दोन लोखंडी पट्ट्यांत आवळून भट्टीत ठेवायची. धातू वितळायच्या अगदी आधी चळतीच्या कडेला घाम आल्यासारखी चमक दिसते. तेव्हाच बाहेर काढून दाबायची. क्षणभर आधी काढली तर थर चिकटत नाहीत. क्षणभर उशीर झाला तर सगळ्याचा एक गोळा होतो. चिकटलेला ठोकळा ठोकायचा, त्यात जागोजागी खड्डे कोरायचे आणि मग रोलिंग मशीनमधून काढून सपाट करायचा. खड्ड्यांतून खालचे थर वर येतात आणि लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते. दोन अंगठ्यांची नक्षी कधी सारखी येत नाही. ही मुळात जपानमधली जुनी कारागिरी. सोसायटीने भरवलेल्या एका प्रशिक्षणात मी शिकलो. आमच्याकडे लोक तिला बाभळीची अंगठी म्हणतात, कारण ती बाभळीच्या चिरलेल्या फळीसारखी दिसते.

अशी अंगठी चेपली तर थर सुटायची भीती असते. कापून लहान करावी तर जोडाच्या जागी रेषा जुळत नाहीत. शिवाय अश्विनीने बिनजोड मागितली होती. जाड पत्र्याला भोक पाडून, तेच ठोकून ठोकून मोठं करत मी ती घडवली होती. कुठे सांधा नव्हता. वितळवून पुन्हा करावी, तर वितळल्यावर चांदी आणि तांबं एकजीव होऊन नुसता तांबूस गोळा उरतो. त्यातून नक्षी परत येत नाही.

नवी करायला धातूच नव्हता. चांदी अश्विनीच्या आजीच्या वाळ्याची होती. वाळे दोन होते, पण त्यातला एक आधीच्या एका दुष्काळात गेला होता. उरलेला कौसाबाईंनी आणून दिला. तांबं त्यांच्या घरच्या घागरीच्या बुडाचं. टँकरचं पाणी प्लास्टिकच्या टाक्यांत भरायला लागल्यापासून ती घागर कोपऱ्यात पडून होती. सगळं मिळून एका अंगठीपुरतं, वर थोडी कातरण. नातीच्या बोटात आजीची चांदी असावी, एवढीच त्या घराची हौस होती.

मग अंगठी ढिली झालीच कशी? ती मापानेच केली होती. फक्त ते माप हंगामाचं होतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांच्या बोटांचं आमच्या धंद्यात एक गणित आहे. दसरा-दिवाळीला घर सोडताना बोट एक असतं, पाडव्याला परत येतं तेव्हा दुसरं. महिनोन् महिने कोयता चालवून आणि मोळ्या उचलून पेरं फुगतात, कातडी जाड होते. म्हणून जाण्याआधी कोणी अंगठी सांगून गेलं आणि परत आल्यावर नेणार असेल, तर आम्ही माप वाढवून धरतो. माझे वडीलही असंच करायचे. कौसाबाईंना हे चांगलं माहीत होतं. ऑर्डर देताना त्याच म्हणाल्या होत्या, "आत्ताचं बोट धरू नका, आप्पा. पाडव्याला पोरीचं बोट असं राहत न्हाई." अश्विनीचं बोट बारा नंबरचं आलं. मी पंधरा धरला. दोन हंगामांचा अनुभव असलेल्या मुलीला एवढा फरक सहज पडतो.

पण त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. होता तेवढा ऊस बराचसा चारा छावण्यांत गेला. सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं आणि संक्रांतीच्या सुमाराला संपलंही. टोळ्या अर्ध्यातून परत आल्या. अश्विनीचं बोट जेमतेम एका नंबरने वाढलं होतं, आणि घरी बसल्यावर तेही उतरलं.

शेषराव म्हणाले, "मोठं माप त्यांनीच सांगितलंय. सोसायटीचा काही संबंध न्हाई."

"संबंध लावायचा नाही, अंगठी बसवायची आहे," मी म्हणालो.

एक मार्ग होता. आतून चांदीचं अस्तर द्यायचं. अस्तर म्हणजे अंगठीच्या आत बसणारी पातळ चांदीची दुसरी कडी. हिशेब सोपा होता. एका नंबरला घेरात साधारण एक मिलिमीटर. तीन नंबरला तीन. म्हणजे व्यासात जवळपास एक, आणि अस्तराची जाडी अर्धा मिलिमीटर. वरची नक्षी तशीच राहते. घामाने तांब्याचा हिरवा डाग बोटाला पडतो, तोही पडत नाही.

अस्तर बसवायच्या दोन रीती. एक थंड. कडी आत सरकवायची आणि तिचे काठ दोन्ही बाजूंनी मुडपायचे. आच लागत नाही, अंगठीला धोका नाही, आणि पुढे कधी काठ कानसून अस्तर काढताही येतं. मात्र मधल्या फटीत घाम आणि साबण शिरतो, काही वर्षांनी कडी हलू लागते. दुसरी रीत डाख देऊन, म्हणजे लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने सांधून, जोडायची. ती कायमची बसते, पण पुन्हा निघत नाही. त्यासाठी अंगठी तापवावी लागते आणि आच जरा वर गेली की थर सुटू शकतात.

मी दोन्ही समजावून सांगितलं. कौसाबाई लगेच म्हणाल्या, "पहिली. निघणारी. औंदा ऊस न्हवता म्हणून काय झालं, पुढल्या साली असंल की."

"निघणारी नको, काका," अश्विनी म्हणाली. "कायमची बसवा."

"कावून?"

"मी उसाला जाणार न्हाई, आई. ह्येच बोट राहणार हाय माझं."

कौसाबाई हसल्या. "आगं, दुधाचं काय खरं हाय? जनावरं छावणीत, दूध आटलंय. केंद्र बंद पडलं तर जावई काय फॅट मोजत बसंल? कोयताच धरंल. मग जोडीला कोण, मी येऊ?"

हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि मुकादम त्याला शेवटी विचारतो. लग्न झालं की मुलगी जोडीला जाणार, हे आमच्याकडे कोणी वेगळं बोलत नाही. कौसाबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलीचा संसार अर्ध्यावर अडू नये, एवढंच त्या बघत होत्या.

"त्यांना म्या आधीच सांगितलंय," अश्विनी म्हणाली. "मी शिलाई करीन. ते हो म्हनले."

"लग्नाआधी समदेच हो म्हनतेत," शेषराव माझ्याकडे बघत म्हणाले.

"तुमी चहा प्या, चेअरमन," कौसाबाई म्हणाल्या. शेषराव प्यायले.

अंगठी काउंटरवर मधे पडली होती. कौसाबाईंनी ती उचलली आणि रागारागात स्वतःच्या बोटात घातली. पेरावरून किंचित अडखळत गेली आणि नेमकी बसली. ढिली नाही, घट्ट नाही.

"बघ," अश्विनी हळूच म्हणाली. "तुझ्या बोटाची झालीय."

कौसाबाईंनी हात लांब धरून अंगठी पाहिली. ती काढताना मात्र त्यांना थोडी ओढावी लागली.

मी म्हणालो, आज ठरवू नका. डाख देणं कितपत धोक्याचं आहे ते मला आधी बघू द्या. कातरणीचे तीन तुकडे माझ्याकडे जपून ठेवले होते. गिऱ्हाइकाच्या धातूची कातरण गिऱ्हाइकाची, म्हणून करायच्या आधी त्यांना विचारलं. त्या हो म्हणाल्या.

तिन्ही तुकडे मी अंगठीसारखे वाकवले आणि आतून चांदीची पट्टी कमीत कमी आचेवर वितळणाऱ्या डाखाने जोडली. दोन तुकडे चांगले राहिले. तिसऱ्याचा कडेचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून वर आला. तिन्हींना मी सारखीच आच दिली होती. मग तोच का सुटला, ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. बहुधा भट्टीत त्या कडेला दाब कमी पडला असावा, आणि तसं असेल तर अंगठीतही अशी एखादी जागा असू शकत होती.

बाजाराच्या दिवशी दोघी पुन्हा आल्या. मी तिन्ही तुकडे पुढे ठेवले.

"तिनात एक गेला," मी म्हणालो. "अंगठीचंही असं होऊ शकतं. झालं तर दुरुस्ती नाही. मी भरून देऊ शकत नाही, कारण तो वाळा मला कुठे विकत मिळणार नाही. थंड अस्तर लावलं तर धोका अजिबात नाही. माझा सल्ला विचाराल तर थंड."

अश्विनीचा चेहरा उतरला. "मग थंडच लावा," ती म्हणाली. "आजीची चांदी वाया न्हाई घालवायची."

कौसाबाई सुटलेला थर नखाने खालीवर करत होत्या. "आप्पा," त्या म्हणाल्या, "माझ्या मायनं ह्ये वाळे घालून ऊस तोडला. आमाला पाचटावर निजवायची आन् तोडायची. जाती का म्हणून तिला कुनी इचारलं न्हाई. मला बी न्हाई. ह्या पोरीचं माप सांगताना म्या बी हिला इचारलं न्हाई." तुकडा त्यांनी खाली ठेवला. "हिला पाहिजे तसं करा. डाख द्या."

"आई, मोडली तर?"

"मोडली तर आप्पाची मजुरी बुडाली. आपलं काय जातंय?" त्या म्हणाल्या. डोळे पुसले आणि वर मलाच म्हणाल्या, "आता बघता काय, पेटवा."

त्यांच्यासमोर मी ते काम केलं नाही. नाजूक काम करताना समोर कोणी बसलं की हात घाई करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. अस्तर बसवलं, डाख नीट पसरावा म्हणून टाकणखार लावला, डाखाचे कण ठेवले. आच सगळीकडून फिरवत अंगठी हळूहळू तापवली. डाख वितळताना चांदीची बारीक रेघ झर्रकन फिरते. ती पूर्ण फिरली आणि मी आच काढली. गार होईपर्यंत अंगठीकडे पाहिलं नाही.

अंगठी टिकली. एका कडेला, दोन रेषा जवळ येतात तिथे, तांब्याचा थर केसभर फुगला होता. घासला तर नक्षी पुसट झाली असती, म्हणून तसाच ठेवला. दोघी न्यायला आल्या तेव्हा अश्विनीला भिंग देऊन ती जागा दाखवली. दाखवली नसती तर तिला कळली नसती, पण तिची वस्तू होती. तिने अंगठी घातली आणि हात जोरात झटकला. एकदा, दोनदा. अंगठी जागची हलली नाही. कौसाबाई म्हणाल्या, "बास आता, हात निखळंल."

लग्नाला मी गेलो होतो. त्यानंतर नेकनूरचं दूध केंद्र दिवसातून एकदाच दूध घेऊ लागलं. जावई एका हंगामाला भावाबरोबर तोडीला गेला. अश्विनी गेली नाही. तिने शिलाई मशीन घेतली आणि ब्लाउज शिवायला लागली. हे मला कौसाबाईंनी बाजारात सांगितलं. सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा होता, पण मशीन कोणत्या कंपनीची, तेही त्यांनी सांगितलं.

पुढच्या वर्षी दोघी पुन्हा दुकानात आल्या. अश्विनीने हात काउंटरवर ठेवला. बोट सुजलं होतं आणि अंगठी रुतली होती.

"काका, ह्ये अस्तर निघतंय का?"

मी अंगठी फिरवून पाहिली, ती फिरेना. "निघत नाही, तेव्हाच सांगितलं होतं. उसाला गेलतीस का?"

"ऊस कशाचा घेऊन बसलाव!" कौसाबाई म्हणाल्या. "पाचवा लागलाय तिला. पाय बघा, चप्पल बी जात न्हाई."

मी बोटाला साबण लावला, दोरा घट्ट गुंडाळला आणि अंगठीखालून उलगडत उलगडत ती सोडवली. काळ्या गोफात ओवून तिच्या हातात दिली. बाळंतपणानंतर बोट उतरेल, तोवर गळ्यात घाल म्हणालो. सूज वाढली तर आधी डॉक्टरला दाखव, हेही सांगितलं.

तेव्हापासून मी माप वाढवून धरत नाही. ज्याचं बोट त्यालाच विचारतो आणि आज येतं तेच माप घेतो. पुढे बोट कशाने जाड होईल हे सांगणं सोनाराच्या कामात बसत नाही. आईच्याही नाही.