एकाच फेट्याचे दोन भाऊ

क्रांतीबद्दल मला फारसे ठाऊक नाही. ती कोडोलीहून एस.टी.ने यायची आणि तिला चहा कमी साखरेचा लागायचा, एवढेच. मला तिची पाठच जास्त आठवते. ती संगणकाकडे तोंड करून बसे आणि मी मागच्या स्टुलावर. कसबा बावड्यात शशिधरचे चौकात लावायच्या डिजिटल बोर्डांचे दुकान होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे बोर्डावरची नावे तपासून द्यायला जात असे. हे २००६ सालचे.

ती माऊसने ठिपके देत माणसाभोवती रेघ ओढायची. तिला ती 'पाथ' म्हणे. रेघ जुळली की मागची भिंत गळून पडे आणि माणूस सुटा होई. मग प्रत्येक माणूस वेगळ्या काचेवर ठेवल्यासारखा. त्याला लहानमोठे करायचे, सरकवायचे, ओळीत आणायचे. त्या काचांना ती 'लेयर' म्हणे.

तिला कामाला लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा केरबा आणि कृष्णात हे दोघे भाऊ आले. वडिलांच्या पंचाहत्तरीचा बोर्ड होता. मध्ये वडील आणि दोन बाजूंना दोघे मुलगे, अगदी सारख्या मापाचे. शेताच्या बांधावरून दोघांचे बोलणे बंद होते. बोर्डाचा नमुना आधीच दोनदा परत आला होता. शशिधरने क्रांतीला सगळ्यांदेखत सांगितले, "आता परत आला, तर उद्यापासनं कोडोलीतच थांब."

थोरला केरबा पडद्याकडे बघून म्हणाला, "हे काय गं? माझं तोंड लिंबाएवढं केलंस?"

"काका, फेट्यासकट माप सारखंच हाय की."

केरबाच्या फोटोत फेटा होता, कृष्णातच्या नव्हता. तिने रेघ फेट्याच्या वरून ओढली होती, त्यामुळे फेटा उंचीत धरला गेला होता.

कृष्णात माझ्याकडे वळला. "गुरुजी, सांगा त्यांना, घरातबी फेट्यामुळंच मोठं दिसत्यात."

मी चष्मा पुसला.

क्रांतीने रेघ पुन्हा ओढली. या वेळी चेहरा एका लेयरवर घेतला आणि फेटा दुसऱ्यावर. हनुवटीपासून भुवईपर्यंत दोघांचे माप सारखे केले, डोळे एका रेषेत आणले. चेहरे जुळले, पण केरबाचा फेटा वर गेला.

"आता ह्यो वीतभर उंच! काढा त्यो फेटा," कृष्णात म्हणाला.

"गुरुजी, सांगा त्याला, आबांच्या पंचाहत्तरीला मी बोडक्या डोक्यानं उभा ऱ्हाणार न्हाय."

शशिधरने घड्याळाकडे पाहिले. क्रांतीचा हात माऊसवर तसाच होता. मग तिने कोणाला न विचारता त्या फेट्याची नक्कल केली, ती कृष्णातच्या डोक्यावर आणली आणि बाजूने थोडी दाबली.

कृष्णात पडद्याजवळ वाकला. "बसतोय की."

"बसणारच," केरबा म्हणाला. "तुझ्या लग्नात माझाच बांधला हुता." हे तो माझ्यामार्फत बोलला नाही.

"ढिला हुता त्यो."

"मग ह्यो घट कर गं, पोरी. परत माझ्या नावानं बोंबलंल."

तिने फेट्याचे कोपरे आत ओढले. शशिधर म्हणाला, "लाव छपाईला."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या गाडीने आली. भावांचे पुढे काय झाले मला माहीत नाही. बोर्ड मात्र चौकात पंधरवडाभर होता. नंतर दोनेक वर्षे क्रांती दुकानातच होती. मग लग्न ठरले आणि ती गेली, असे मला शशिधरकडून कळले. तिचा शेवटचा दिवस कोणता, हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. कसल्याशा मंडळाचा बोर्ड होता, सात जणांचा.

"गुरुजी, जरा लांबनं बघा की. डोळं एका रेषेत हायत?"

मी दारापर्यंत मागे गेलो. "हायत."

"मग जाताना दार वढून घ्या. एसी चालू हाय."

"घेतो," मी म्हणालो.