नाव खोडायचा हक्क

आमच्या लेप्टिस गावात नाम्फामो पाथरवटाएवढा तिरसट माणूस दुसरा झाला नाही. पण त्याच्या एका रागाला गावानं कधी नावं ठेवली नाहीत.

रोमच्या सम्राटाच्या सैन्यभरतीत त्याचा एकुलता एक मुलगा याडेर ओढून नेला, आणि उत्तरेच्या नदीवरच्या लढाईत पोरगा पडला. बातमी आली त्याच आठवड्यात नगरसभेचा मुख्य होनोरातुस दारात हजर! चौकात सम्राटाचा पुतळा बसायचा होता. चौथऱ्यावर कोरायचं होतं, ‘अजिंक्य, दयाळू, जगाचा तारणहार’, आणि खाली नाव.

नाम्फामोनं कोरलं, पण एकेका लॅटिन अक्षरावर थुंकत.

“अहो, कुणी पाहील!” बायको ममिया म्हणाली.

“दगड धुतोय म्हणेन. आणि ऐकून ठेव, हे नाव मी कोरलंय, खोडणारही मीच.”

पुढे सम्राटाला त्याच्याच पहारेकऱ्यांनी कापलं. हुकूम आला, नाव खोडा. नुसतं नाव हं! बिरुदं ठेवायची, म्हणजे नव्या सम्राटाचं नाव त्याच जागी बसतं. आमच्याकडे असंच चालायचं. होनोरातुसनं मात्र काम शेजारच्या रोगातुस पाथरवटाला दिलं.

नाम्फामो हातोडा घेऊन चौकात धावला. “रोगात्या, छिन्नी टेकवलीस तर तुझी बोटं खोडीन!”

“दादा, मला सांगितलंय म्हणून...”

“तुझा पोरगा गेला का नदीवर?”

रोगातुस छिन्नी खाली ठेवून बाजूला सरला. “घे बाबा, तुझंच आहे ते.”

नाम्फामोनं नाव तर उडवलंच, पण हात थांबेना. तो ‘दयाळू’वर चढला.

होनोरातुस धापा टाकत आला. “अरे मूर्खा, बिरुदं ठेव! नव्याला काय लिहायचं?”

“दयाळू? माझ्या याडेरला खाल्लं त्यानं, आणि दयाळू?”

“नवा वेगळा आहे!”

“मग त्याला वेगळा दगड आणा. कोरायला मात्र मला बोलावू नका.” असं म्हणत त्यानं ‘अजिंक्य’ही फोडलं, आणि चौथरा कोपऱ्यापासून तडकला.

त्यानंतर नगरसभेनं त्याला एक अक्षर कोरू दिलं नाही. उरलेला जन्म तो तेलाच्या घाण्यांचे दगड घडवत बसला. तडकलेला चौथरा मासळीबाजाराच्या दाराशी पायरी म्हणून टाकला. नाम्फामो रोज बाजाराला यायचा. मासा घ्यायचा असो वा नसो, त्या पायरीवर उभा राहून सँडलची माती नीट घासून काढायचा.

“नाम्फामो, पुरे की आता,” कोळी म्हणायचे.

“अजून चिकटलीय,” तो म्हणायचा, आणि पुन्हा घासायचा.