गोणपाट

खोकल्याची उबळ आली आणि मी बसल्या जागी भिजले. सोलापुरात, विडी कारखान्यात, वळलेल्या विड्या तपासून द्यायच्या रांगेत. दुष्काळ नुकताच सरला होता. कारकुनानं फरशीवरचा ओला डाग पाहिला, नाकाला रुमाल लावला.

"हितं मुतरी हाय का? उद्यापासनं हिला गोणपाट द्या. कोपऱ्यात बसंल."

बाया हसल्या. हसलं नाही तर आपल्याही विड्या खराब म्हणून फेकल्या जातील, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

तेव्हापासून माझी जागा गोणपाटावर. तंबाखूच्या धुळीनं खोकला, खोकल्यानं ही फजिती. मांडीवरच्या विडीच्या सुपानं निम्मं झाकायचं. पाणी पिणं तर मी सोडलंच होतं. धाकटीच्या बाळंतपणापासून हे चाललेलं. सासू म्हणायची, "बाईच्या जातीला हे असतंयच. बोंबलायचं न्हाई."

माझी आईसुद्धा लग्नकार्यात दाराशीच बसायची, सगळ्यांच्या आधी उठायची. तिला गर्दी सोसत नाही, असं आम्हा पोरींना वाटायचं. ती गेल्यावर आंघोळ घालताना लुगड्याखाली चिंध्यांची घडी सापडली. तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

रांगेतली नरसव्वा एकदा मुद्दाम माझ्या कोपऱ्यात येऊन बसली. हळूच म्हणाली, "मलाबी असंच व्हायचं. सरकारी दवाखान्यात टाके घातले. पैसा लागला न्हाई. तू बी जा की."

त्या दिवशी हीसुद्धा हसली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला खोकायला सांगितलं. लाजेनं डोळे मिटून खोकले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळंतपणांनी आतला आधार सैल पडलाय. खालून टाके घालून आवळता येतो. इथं फुकट होतं. पण काहींना त्रास पुन्हा सुरू होतो, तेही ऐकून ठेवा."

म्हणजे हा आजार होता. त्यावर इलाज होता, तोही गावातच. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी आईसाठी रडले.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं पायानं गोणपाट माझ्याकडे सरकवलं. मी ते उचलून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि रांगेत, फरशीवर बसले.

"मला आजार हाय. ऑपरेशन करून घेणार हाय. आणि कुणाला होत आसंल तर संगं चला."

कुणी हसलं नाही. नरसव्वानं मान खाली घातली. कारकुनानं माझ्या सगळ्या विड्या खराब ठरवून बाजूला फेकल्या.

फेकू दे. टाके टिकोत न टिकोत, गोणपाटावर मी पुन्हा बसणार नाही.