ओव्हर म्हणायचं राहिलं

आबांना दुकानात एकच काम उरलं होतं, आणि ते मीच दिलेलं. डोक्यात हेल्मेट घालून खुर्चीत बसायचं.

आबा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी फौजेत वायरलेसवर गेली. आता डोळ्यांना बारीक वायर दिसत नाही, पण कान अजून तिखट. तासगावात माझं मोटारसायकलच्या वायरिंगचं दुकान आहे. हल्ली लांब भटकायला जाणारी मंडळी गाडीवर वॉकीटॉकी बसवतात आणि तिचा माइक-स्पीकर हेल्मेटात घेतात. असा सेट दुरुस्त केला की मी गाडी घेऊन बेदाण्याच्या शेडपर्यंत जायचो आणि इकडे दुसरा सेट लावून आबा ऐकायचे. येणारेजाणारे चेष्टा करायचे, "आवं आबा, खुर्चीवरनं कुटं निगाला?" आबा हेल्मेटाच्या आतून हसायचे.

त्यांची एक अट होती. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. समोरचा ओव्हर म्हणेपर्यंत ते तोंड उघडत नसत. हा तुमचा फौजेतला सेट नाही, इथे बोललं की माइक आपोआप चालू होतो, हे सांगून मी थकलो. "आसूं दे. दोगं येकदम बोल्लं की कुनाचंच कळत न्हाई," म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात सांगलीचा एक तरुण आला. गाडी नवी, सेट नवा, पण बोलताना मागे किंऽऽ असा आवाज. अॅक्सिलरेटर पिळला की तोही चढायचा. दुसऱ्या दिवशी त्याचा ग्रुप पाटणकडे निघणार होता. मी एक फेरी मारली. तो आबांजवळ उभा राहिला.

"आबा, आवाज कसा येतोय? ओव्हर."

"बोलनं कळतंय रं, पर मागं डास गुनगुनतोय. ओव्हर."

मी परत आलो तर तो हसत म्हणाला, "आजोबा अजून लढाईवरच आहेत वाटतं!" मीही हसलो. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसायचं, ही घाणेरडी सवय मला धंद्यानं लावली.

सीट उचलली. सेटचं अर्थिंग इग्निशनच्या अर्थिंगबरोबर एकाच बोल्टाला आवळलेलं होतं, त्यामुळे इंजिनची सगळी किरकिर सेटमध्ये शिरत होती. मी ते सोडवलं, वेगळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली आणि सेटच्या वायरी इग्निशनच्या कॉइलपासून लांब बांधल्या. या वेळी तो तरुण माझ्या मागे बसला.

"आबा, येतंय का?" मी विचारलं. ओव्हर म्हणालो नाही. मागचा पुन्हा हसेल, याची लाज वाटली.

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. वाटलं, ओढाताणीत एखादी वायर सुटली आणि सेट बंद पडला. शेडपाशी गाडी थांबवून वायरी चाचपत होतो, तेवढ्यात त्यानं विचारलं, "ते आजोबा तुमचे कोण?"

"कोणी नाही हो," मी म्हणालो. "रिटायर्ड आहेत. घरी करमत नाही म्हणून येऊन बसतात. ऐकायलाही कमीच येतं, पण मन मोडवत नाही."

हे का बोललो, याचं धड उत्तर माझ्याकडे आजही नाही. त्याच्या महागड्या जॅकेटासमोर मला माझा बाप हेल्मेटात बसलेला नको होता, एवढंच.

दुकानी आलो. आबा पाठ ताठ करून तसेच बसले होते.

"सेट बंद पडलाय का?" मी विचारलं.

त्यांनी हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं. "चालू हाय. डास गेला. सगळं साफ आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू ओव्हर म्हनला न्हाईस."

म्हणजे शेडपाशी मी जे बोललो, तेही माइकनं इकडे पोचवलं होतं. आबा माझ्याकडे न बघता त्या तरुणाकडे वळले.

"मिस्त्रीनं काम चोख केलंय. बिनघोर जावा पाटनला."

जन्मात त्यांनी मला कधी मिस्त्री म्हटलं नव्हतं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ते माझे कोणीच नसल्यासारखे बोलले. तरुण हातमोजे घालत होता, सांगायला पुष्कळ वेळ होता. मी फडक्याला हात पुसत राहिलो. हे माझे वडील आहेत, असं तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.