वाडग्यामागची थोटकं

हा प्रवास मी आजवर कुणालाच धड सांगितलेला नाही. सिगारेट कशी सुटली, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, "माळशिरसच्या पुढं एका धनगरवाडीवर जाऊन राहिलो. मोकळी हवा होती, सुटली." तेवढ्यावर लोक खूश होतात. मधला भाग मी गाळतो. ज्याच्या वाट्याचं गाळत आलो तो बिरू गेल्या हिवाळ्यात गेला, म्हणून आता सगळं लिहून काढतो आहे.

बिरू धनगर. सोलापूरजवळच्या आमच्या रानात दर उन्हाळ्यात तो मेंढरं बसवायला यायचा (कळप रात्रभर शेतात बसला की खत आपोआप पडतं). मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. लिंबाखाली बसून तो बिडी ओढायचा, मी सिगारेट. एका वर्षी तो आला तो बिडीशिवायच. देवळात बेल-भंडारा उचलला होता त्यानं (बेलाचं पान आणि हळद हातावर घेऊन देवासमोर घेतलेली शपथ). त्याच सुमारास डॉक्टरांनी माझीही सिगारेट बंद केली होती आणि मला ते काही केल्या जमत नव्हतं.

"गुर्जी, चला आमच्या वाडीवर," बिरू म्हणाला. "कोसभर टपरी न्हाय. मन लई वढलं तरी जाणार कुटं?"

सोलापूरच्या स्टँडवरून सकाळची गाडी धरली. सारखा हात खिशाकडं जायचा, खिसा रिकामा. मोहोळला पाय मोकळे करायला उतरलो आणि टपरीसमोर नुसता उभा राहिलो. मग घाईनं गाडीत चढलो, खिडकीशी बसलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, कुठं जायचंय?"

"माळशिरस."

"मग बार्शीच्या गाडीत काय बसलाय निवांत? तुमची ती बघा निघाली."

धावत जाऊन माझी गाडी पकडली. लोक हसत होते. मला मात्र हसू येईना. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं होतं.

दोन्ही बाजूंना ऊस लागला, माळशिरस आलं. पुढं वडापनं गेलो (माणसं कोंबून नेणारी जीप). ऊस संपला, माळ सुरू झाला. पिवळं गवत, दगड आणि अंगाला झोंबणारं वारं. फाट्यावर बिरू उभा होता. माझी पिशवी त्यानं डोक्यावरच घेतली.

त्याची बायको सोनाबाई बोलायला फटकळ. हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाचं कढणासारखं पातळ), बाजरीची भाकरी, शेंगाचटणी असं तिनं पुढं ठेवलं. चहा आला तेव्हा मी डब्यातलं मीठ साखर म्हणून चहात घातलं आणि तो तसाच पिऊ लागलो.

"अवो, गुर्जी मिठाचा चहा पित्यात की!" ती पदर तोंडाला लावून हसली. "शाळंत पोरं कशी शिकली म्हनायची?"

बिरूनं माझ्या हातात चाती दिली (लोकर कातायची लाकडी फिरकी). "तलप आली की ही फिरवायची. हात गुतला की तोंड गप बसतंय. म्या असंच काडलं दिस." माझा धागा दर वितीला तुटायचा. तो न बोलता जोडून द्यायचा. मला राग यायचा. कुणाचा, ते कळायचं नाही. वाडीतली माणसं येऊन मला बघून जायची. "ह्ये पाव्हणं सोडाय आल्यात," बिरू अभिमानानं सांगायचा.

एका सकाळी फिरायला म्हणून निघालो आणि फाट्यावर पोचलो. वडापवाल्याच्या कानाला बिडी लावलेली होती. मी एक मागितली. त्यानं अख्खं बंडलच दिलं. "राहू द्या आजोबा, मी दुसरं घेतो." नको म्हणायचं होतं. हात पुढं झाला होता.

दुपारी बिरू मेंढरं घेऊन लांब गेलेला असायचा. मी वाडग्यामागं (मेंढरांच्या काटेरी कुंपणामागं) जाऊन ओढायचो. आत कोकरं ओरडायची. पहिल्या झुरक्याला डोकं स्वच्छ व्हायचं आणि लगेच पहिल्यापेक्षा जास्त गढूळ. थोटकं तिथंच टाकायचो. संध्याकाळी परत चाती घेऊन बसायचो आणि बिरू म्हणायचा, "बघा, आज धागा बरा आला."

मग कळपात रोग शिरला. मेंढरं लाळ गाळू लागली, लंगडू लागली, दोन कोकरं मेली. बिरूचा थोरला भाऊ म्हाळू वाडग्याभोवती फिरून आला आणि मूठ उघडून बिरूसमोर धरली. हातात थोटकं.

"भंडारा उचलून बिडी वढलास व्हय रं?"

"न्हाय दादा. आईच्यान न्हाय."

"मग वाडीत बिडी वढतंय कोन? म्या तमाखू खातो. पाव्हणं सिग्रेटवालं. ह्यो बिडीचा छाप तुजाच."

बिरू माझ्याकडं वळला. "गुर्जी, तुमी हाय की माज्याबरुबर. सांगा की दादाला."

बंडल माझ्या आतल्या खिशात होतं. मला वाटलं, खरं सांगितलं तर वाडी काय म्हणेल, सोनाबाई काय म्हणेल. मी म्हणालो, "म्हाळूअण्णा, हा जनावरांचा रोग आहे. बिडीनं असं होत नसतं. डॉक्टर बोलवा."

माझं बोलणं खरंच होतं. त्या खऱ्याच्या आड मी लपलो. डॉक्टर आले, रोगाचं नाव सांगून सुया टोचून गेले. म्हाळू म्हणाला, "रोग आला व्हय. पर आमच्याच वाडग्यात का आला?" त्याच्या हिशेबात देव आणि डॉक्टर यांचं भांडण नव्हतं. त्यानं बिरूला सांगितलं, आजपासून कळपाला हात लावायचा नाही. लहानपणापासून मेंढरांमागं हिंडलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात नुसता बसून होता. मेंढरं गेली त्या दिशेला बघत.

सोनाबाई भाकरी थापताना मला म्हणाली, "ह्यांनी वढली नसंल, गुर्जी. मला वास आला असता की." आणि माझ्याकडं बघत राहिली. तिला माझा वास येत होता का? अजून ठरवता येत नाही मला.

मी त्याच दिवशी निघालो. बिरू पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आला. वाटेत मी तीन-चारदा घसा खाकरला. दर वेळी तो थांबून विचारायचा, "पानी पायजे का?" जीप आली. मी आत बसलो. तो म्हणाला, "तलप आली तर फोन करा, गुर्जी. यकटं ऱ्हाऊ नगा."

जीप सुटल्यावर मी बाहेर डोकं काढून ओरडलो, "बिरू, ती..."

तो कानामागं हात धरून जीपमागं पळत आला. "काय म्हंता?"

"वहिनींना सांग, भाकरी लई चांगली होती."

बंडल मी माळशिरसच्या गटारात टाकलं. त्यानंतर एकदाही ओढली नाही. हे कसं साधलं ते मला समजलेलं नाही. तलप यायची तेव्हा बिरूचं जीपमागं पळणं दिसायचं आणि तोंडातली चव जायची. बिरूला म्हाळूनं पुन्हा वाडग्यात घेतलं नाही. तो उसाच्या तोडीला जाऊ लागला. पुढं कधीतरी फोन केला की मी तब्येत विचारायचो, पाऊस विचारायचो. तो दर वेळी विचारायचा, "सुटली ती सुटलीच न्हवं?" मी हो म्हणायचो. तो म्हणायचा, "लई झ्याक केलंत."

सोनाबाईंनी फोनवरच तो गेल्याचं सांगितलं. मी मातीला गेलो नाही. म्हाळू समोर बसला असता.

बिरू, थोटकं माझी होती. तू शपथ पाळली होतीस. मला माफ कर.