विहिरीवर राहिलेला हात

डॉक्टर नाडी बघून उठले आणि "गेले" एवढंच म्हणाले, तेव्हा यांचं, माझ्या नवऱ्याचं, मनगट भावोजींच्या मुठीत होतं. सकाळची वेळ, ओटीवर ऊन आलेलं... रडायच्या आधी आम्ही सगळे त्या मुठीकडेच बघत राहिलो. गेले ते भावोजी, म्हणजे माझे थोरले दीर, दामोदर. वाडीतल्या तालमीचे वस्ताद. पहाटे श्वास अडखळायला लागला तसा त्यांनी धाकट्या भावाचा हात धरला होता, आणि श्वास थांबला तरी तो धरलेलाच होता. डॉक्टरांनी बोटं सोडवून पाहिली, मग शेजारच्या वाडीतल्या पास्कूदादांनी पाहिली. बोटं हलेनात. हे म्हणाले, "राहू द्या. थोडा वेळ राहू द्या." माझ्या डोक्यात कामांची रांग लागत होती. विरारच्या नणंदेला निरोप, भटजी, लाकडं, अंगणात सतरंज्या. पण त्या सगळ्याच्या आधीचं काम कुठलं ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच माझ्याने करवत नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी नालासोपाऱ्याजवळच्या या वाडीत आले. केळी, पानवेली, मधोमध विहीर, आणि विहिरीला लागून माडाच्या झापांची एक लांबट खोप. ती भावोजींची तालीम. लग्न त्यांनी केलं नाही. कुस्ती, मल्लखांब सगळं शिकवायचे, पण त्यांचं नाव होतं ते पकडीसाठी. अरुंद तोंडाच्या मातीच्या घागरीत वाळू भरायची, वरून पाचही बोटांनी नुसता काठ धरायचा आणि विहिरीभोवती फिरायचं. आठवड्याला मूठभर वाळू वाढवायची. ओलं गोणपाट पिळून कोरडं करायचं. वाळूच्या घमेल्यात पंजा खुपसून आतल्या आत मूठ वळायची. भिजवलेल्या काथ्याच्या दोरावर लोंबकळायचं, आणि त्या वेळी एकमेकांशी गप्पा मारायच्या. गप्पा सक्तीच्या होत्या. "पकड डोक्यात असेल तर डोकं थकलं की सुटते," ते सांगत. "ती हातात उतरली पाहिजे. मग तुम्ही झोपलात तरी हात जागा."

यांना या सगळ्याचं हसू यायचं. "दादा, घागरी उचलून उचलून पंजा घागरीएवढा झाला तुझा. अंगठी बसत नाही म्हणून नवरी मिळाली नाही."

"आणि तुझा हात चहाच्या कपापलीकडे काही उचलेना, म्हणून तुला लगेच मिळाली," भावोजी म्हणत.

घरात मात्र त्या हातांचा जाच होता. लोणच्याची बरणी चुकून त्यांनी बंद केली की ती उघडायला पुन्हा त्यांच्याकडेच न्यावी लागे. आणि नेली तरी हातात देता येत नसे. थोरल्या दिराला शिवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वस्तू द्यायची तर समोर खाली ठेवायची, त्यांनी ती उचलून घ्यायची. एका घरात राहून त्यांच्या बोटाला माझं बोट कधी लागलं नाही.

तालमीची एक रीत मी ओटीवरून रोज बघत असे. मेहनत संपली की मुलं जोडीजोडीने बसायची. एकाची मूठ वळलेली, दुसऱ्याने खोबरेल लावून करंगळीपासून एकेक बोट उघडायचं आणि शेवटी अंगठा बाजूला करून म्हणायचं, "भार उतरला." याला ते 'हात उतरवणं' म्हणत. स्वतःचा हात स्वतः उतरवायचा नाही. मी एकदा विचारलं, "नुसतं तेल चोळलं तर नाही का चालत?" भावोजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमन, हाताला सांगावं लागतं. नाहीतर तो धरूनच राहतो. वरून उघडा दिसतो, एवढंच." मला ते तालमीतलं बोलणं वाटलं.

पुढे एका वैशाखात विहिरीतला गाळ काढायचा होता. कप्पीवरून दोर सोडला होता, खालच्या टोकाला पाय अडकवायला फास, वरचं टोक भावोजींच्या हातात. गडी न्याहारीला गेले होते. त्यांची वाट न बघता हे फासात पाय घालून कठड्यावरून उतरले. "दादा, धरलंयस ना?" "उतर रे. घागरीपेक्षा जड नाहीस तू." एवढं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, आणि मग लाकूड मोडल्याचा आवाज.

कप्पीचा वासा मोडून भावोजींच्या डोक्यावर बसला होता. मी धावत गेले तेव्हा ते कठड्याला टेकून आडवे पडले होते, डोळे मिटलेले, कानाजवळ रक्त. शुद्ध मुळीच नव्हती. उजवा हात मात्र कठड्यावर सरळ ताठ, आणि त्या मुठीत दोर. दोर ताणलेला होता. खाली हे होते... दोर दगडाच्या खाचेत अडकला असेल, असं पुढे बरेच जण म्हणाले. असेल. मी पाहिलं ते एवढंच, की माणूस तिथे नव्हता आणि हात होता.

पास्कूदादा आणि गडी धावत आले, दोर धरून यांना वर ओढलं. हे वर आले आणि कठड्यापाशी बसले. भावोजींची मूठ तशीच. मी ओरडले, "पास्कूदादा, करंगळीपासून उघडा! आणि त्याला सांगा भार उतरला म्हणून!"

"वयनी, मानूस मरतोय आनी तुमी हाताशी काय बोलता? कोयता आना!" त्यांनी मुठीच्या दोन्ही बाजूंनी दोर कापला. वीतभर तुकडा मुठीत घेऊनच भावोजी टेम्पोतून वसईच्या दवाखान्यात गेले. पुढे केव्हातरी मूठ आपोआप सैल झाली, तुकडा खाटेखाली पडला आणि झाडणाऱ्या बाईने तो केरात लोटला. हाताला कोणी काही सांगितलं नाही.

भावोजी बरे झाले. तालीम पुन्हा सुरू झाली. पण जेवायला ते डावा हात वापरू लागले. विचारलं तर म्हणत, "उजवा अजून विहिरीवरच आहे." आम्ही हसायचो. मग हसणं कमी झालं. हे विहिरीजवळून जायला निघाले की ओटीवर पेपर वाचत बसलेल्या भावोजींची मूठ वळायची. डोळे पेपरात, मूठ घट्ट. हे अंगणात परत आले की उघडायची. एकदा तालमीत काठ धरून उचललेली घागर त्यांच्या बोटांत फुटली आणि पायांवर वाळू सांडली. त्याच दुपारी मनवेलपाड्याच्या रस्त्यावर हे सायकलसकट टेम्पोखाली जाता जाता वाचले होते. मी घरातल्या प्रत्येक गोष्टीची वेळ लक्षात ठेवणारी बाई. त्या दोन वेळा मात्र मी कधी जुळवून पाहिल्या नाहीत.

यांनीच एकदा तेलाची वाटी घेऊन भावाला समोर बसवलं. करंगळीपासून बोटं उघडली, अंगठा बाजूला केला, म्हणाले, "दादा, भार उतरला." भावोजी हसले. "तू सांगून नाही चालत रे. भारानेच कसं सांगायचं, भार उतरला म्हणून?" मग तालमीतला कोणी का नाही, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी यांच्याकडे बघितलं. हे वाटी उचलून आत ठेवून आले. तेव्हा मला कळलं की दोघांनाही तो हात उतरवायचा नव्हता. तो हात वर आहे तोवर आपण खाली पडत नाही, असं माझा नवरा धरून चालला होता. खात्याच्या परीक्षा देणारा, रोज ऑफिसला जाणारा माणूस...

म्हणून त्या सकाळी हे "राहू द्या" म्हणत होते. पण ऊन चढत होतं, माणसं अंगणात येऊन बसली होती, आणि यांची बोटं काळीनिळी पडायला लागली होती. पास्कूदादाच मला हळूच म्हणाले, "वयनी, तेव्हा तुमी सांगत होता, ते करा आता." मी खोबरेलाची वाटी आणली. पदर घेतला, भावोजींच्या शेजारी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाताला हात लावला. थंड होता, पण मेलेला वाटला नाही. करंगळी धरली.

"नको," हे म्हणाले. "सुमन, नको ना..."

मी थांबले नाही. एकेक बोट उघडत गेलं, आधी कोणालाच न उघडता आलेलं. अंगठा बाजूला केला आणि म्हटलं, "भावोजी, भार उतरला." पंजा अंथरुणावर पसरला. पास्कूदादांनी छातीवर क्रूसाची खूण केली. हे आपल्या मनगटाकडे बघत बसले, काहीतरी हरवल्यासारखे.

याला आता दीड महिना झाला. खोपीत घागरी भिंतीला लावून ठेवल्यात, मुलं अजून येत नाहीत. ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून दुपारी जेवून हे ओटीवर आडवे होतात आणि मी शेजारी बसून तांदूळ निवडते. तेराव्यानंतरच्या एका दुपारी झोपेत यांचा हात आला आणि माझ्या मनगटावर मिटला. जो चहाच्या कपापलीकडे काही उचलत नव्हता, त्या हाताची ती पकड. बोटं हलेनात. जागे झाल्यावर यांनीच ओशाळून हात काढून घेतला, आणि इतक्या वर्षांत कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. वासा मोडला त्याच हिसक्याने पायातला फास सुटला होता. "वर दादाने धरलं होतं," हे म्हणाले, "पण खाली मला मीच धरलं होतं. पाय कुठेच नव्हते."

वर आल्यावर यांचे हात कोणी बघितले? मी तर भावोजींच्या मुठीकडे बोट दाखवून ओरडत होते.

आता हे रोजचं झालंय. करंगळी कुठे धरायची, काय म्हणायचं, मला माहीत आहे. एकदा करंगळीला हात लावलाही. पण तो हात उतरवला तर यांना धरायला काय उरेल, या विचाराने मागे घेतला. दुपार सरते, चहाची वेळ टळते, तांदूळ सुपात तसेच राहतात. मी हलत नाही. आणि मधूनच ती मूठ, खालून कोणी हिसका दिल्यासारखी, आणखी घट्ट होते.